बाई ‘मेमध्ये नको’ म्हणाल्या, आता मंडळाने काय करावं?

प्रश्न : आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेला यंदा ७५ वर्षं पूर्ण होतायत. पहिली ते पाचवी, मुलं १७, शिक्षक दोन. मीही चौथीपर्यंत तिथेच शिकलो. आमच्या मुंबई मंडळाने शाळेच्या अमृतमहोत्सवासाठी वर्गणी काढली, १ लाख ८० हजार जमले. येत्या १० मेला भव्य कार्यक्रम ठरवला : देणगीदारांचे सत्कार, मुलांचे डान्स, रात्री ऑर्केस्ट्रा, शाळेला मोठा एलईडी टीव्ही, मुलांना वह्या-दप्तरं. दिवाळीनंतर मुख्याध्यापिका बाईंना फोन केला तर म्हणाल्या, ‘मेमध्ये नको, मुलं नसतात. जानेवारीत जमतंय का बघा. आणि टीव्हीपेक्षा मुलांना स्पर्धेला न्यायला गाडीची सोय झाली तर बरं होईल.’ अध्यक्ष भडकले. ‘पैसे आपले आणि तारीख बाईंची?’ लालबागच्या खोलीवर मीटिंग झाली, तिथे दोन तट पडले. घरी बायकोचं वेगळंच. ‘स्वतःची मुलं इंग्लिश मीडियमला घातलीत, आणि जी शाळा उद्या राहील की नाही ठाऊक नाही तिच्यासाठी एवढी धावपळ कशाला?’ मी सेक्रेटरी, दोन्हीकडून बोलणी खातोय. काय करू?
– एक सेक्रेटरी, भांडुप

सेक्रेटरीसाहेब,

बाईंचं बरोबर आहे. हे आधीच सांगून टाकते. माझी सगळी नोकरी रायगड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर झाली, आता मुलुंडला लेकीकडे असते, तेव्हा माझा कल बाईंकडे जाणार हे उघड आहे. तरी कारणं ऐका आणि मग मंडळात काय ते ठरवा.

१ मेला सकाळी झेंडावंदन होतं, मुलांच्या हातात प्रगतिपुस्तक पडतं आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेला कुलूप. ते उघडतं जूनच्या मध्यावर. तुमच्या १० मेला ही १७ मुलं कुठे असतील? काही मामाच्या गावी, काही काका-आत्याकडे दिव्याला नाहीतर नालासोपाऱ्याला. चाकरमानी गावाला जातात त्याच महिन्यात गावातली पोरं मुंबईला येतात, हे तुमच्या मीटिंगमध्ये एकाच्याही लक्षात येऊ नये याचं मला नवल वाटलं. बरं, सात-आठ मुलं गावात राहिली असं धरू. त्यांच्या डान्सची तालीम कधी घ्यायची? एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, मग पेपर तपासणं, निकाल तयार करणं. आणि सुट्टी लागली की बाईही आपल्या घरी जाणार. त्यांनाही घरदार आहे.

दोनशिक्षकी शाळा म्हणजे काय, हे मुंबईच्या शाळा बघितलेल्या माणसाला चटकन उमजत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या हिशेबाने प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. वर्ग मात्र पाच. एका खोलीत पहिली ते तिसरी, दुसऱ्या खोलीत चौथी-पाचवी, असं काहीतरी जुळवलेलं असतं. मुख्याध्यापिका ही अशा शाळेत वेगळी खुर्ची नसते. ज्या बाई पाचवीला भागाकार शिकवतात त्याच मुख्याध्यापिका, त्याच कारकून, आणि घंटाही बहुधा त्यांच्याच हाताखाली वाजते. दोघांपैकी एक जण प्रशिक्षणाला गेला, तालुक्याला मीटिंगला गेला, मतदारयादीच्या कामाला लागला, की उरलेल्या एकाने पाचही वर्ग सांभाळायचे. त्यात खिचडी शिजली का बघायचं आणि किती मुलं जेवली त्याची माहिती ऑनलाइन भरायची. मुंबईहून येणारा ‘भव्य’ शब्द अशा ठिकाणी बाईंच्या पोटात गोळा आणतो.

आणि एक लक्षात घ्या. बाईंनी तुम्हाला नकार दिलेलाच नाही. त्यांनी तारीख सुचवली आणि गरज सांगितली. एवढं स्पष्ट बोलणारी मुख्याध्यापिका मिळाली हे मंडळाचं नशीब. बऱ्याच जणी ‘या ना, या’ म्हणतात, टीव्ही ठेवून घेतात, फोटो काढू देतात आणि तुमची गाडी खिंडीपलीकडे गेली की टीव्ही खोक्यात घालून कपाटावर चढवतात. त्यांचंही चुकत नाही. मीटर चालू आहे का, बिल कोण भरणार, पावसाळ्यात चार-चार दिवस वीज नसते तेव्हा त्याचं काय, ओल्या भिंतीवर तो किती टिकेल, हे कुणी विचारलेलंच नसतं.

आता मूळ मुद्दा. मंडळाच्या डोक्यात असं बसलेलं दिसतं की वर्षभर शाळेत काही होत नाही आणि आपण गेलो की कार्यक्रम होतो. तसं नसतं. जूनमध्ये प्रवेशोत्सव. पहिलीत येणाऱ्या पोराचे पाय कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर ठसे घेतात, पोर रडत असतं आणि आई दारातून फोटो काढत असते. आषाढीला दिंडी निघते, विठ्ठलाच्या अंगावर रेनकोट. लावणीच्या दिवसांत मुलं बांधावर जाऊन भाताचा तरवा म्हणजे रोपं कशी उपटतात ते बघतात, त्याला कागदोपत्री क्षेत्रभेट म्हणतात. त्यातली निम्मी मुलं आदल्या रविवारी घरच्या शेतात तेच करून आलेली असतात, ती बाईंनाच शिकवतात. श्रावणात वनभोजन. १५ ऑक्टोबरला अब्दुल कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, १४ नोव्हेंबरचा बालदिन, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवशी मुली नऊवारी नेसून येतात आणि मोठ्याने भाषण करतात, दोन वाक्यं विसरतात. २६ जानेवारीची प्रभातफेरी. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन. मध्ये कुठेतरी बालआनंद मेळावा म्हणजे मुलांचा बाजार.

हा बाजार एकदा बघायला जाच. एका शाळेत दुसरीतली मुलगी लाल माठाच्या जुड्या घेऊन बसली होती, जुडी पाच रुपयांना. सरपंचांनी तीन जुड्या घेतल्या आणि पन्नासाची नोट पुढे केली. पोरीने नोट उलटसुलट करून पाहिली. डाव्या हाताच्या बोटांवर पंधरा मोजले, मग पंधराच्या पुढे पाच-पाच करत पन्नासापर्यंत चढली, आणि तेवढे सुटे नव्हते म्हणून शेजारी भेळ विकणाऱ्या चौथीतल्या भावाकडून उसने आणून दिले. सरपंच म्हणाले, ‘राहू दे गं बाकीचे तुला.’ तर म्हणते, ‘नको, हिशेब चुकतो.’ वजाबाकीचा धडा तिने त्या दिवशी दिला की घेतला, सांगता येत नाही. या सगळ्याला खर्च किती आला? पाल म्हणून बाईंच्या दोन जुन्या साड्या.

या सगळ्यात मंडळाने स्वतःची जागा शोधायची आहे. शाळेला नवा सण नको आहे. जे सण ठरलेले आहेत ते पैशांअभावी, माणसांअभावी अडतात, तिथे हात लावा.

गाडीची मागणी त्यातलीच. आजूबाजूच्या शाळांचा मिळून एक गट असतो, त्याला केंद्र म्हणतात, त्यावर केंद्रप्रमुख. हिवाळ्यात केंद्राच्या क्रीडास्पर्धा होतात : धावणं, लंगडी, कबड्डी, खो-खो, शिवाय समूहगीत आणि नाच. केंद्रात जिंकलं की पुढे बीट म्हणजे काही केंद्रांचा मिळून गट, मग तालुका, मग जिल्हा. कबड्डीला मैदानात सात गडी लागतात. १७ मुलांच्या शाळेत पहिली-दुसरीची बारकी पोरं वजा केली तर संघ जेमतेम उभा राहतो, आणि त्यातला एक तापाने झोपला तर तोही नाही. पण धावण्यात, लंगडीत, गाण्यात या मुलांना तोड नसते. डोंगर चढून शाळेत येणाऱ्या मुलीला शंभर मीटर म्हणजे काय? अडतं कुठे, तर स्पर्धा असते आठ-दहा किलोमीटरवरच्या शाळेत, सकाळी नऊला हजर राहायचं, आणि त्या वेळेला एसटी नाही. मग शिक्षक पदरचे पैसे घालून वडापची गाडी करतात, किंवा मोटारसायकलवर दोन फेऱ्या मारतात, किंवा ‘यंदा आमचा संघ नाही’ असं कळवून मोकळे होतात. तिसरा पर्याय घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. एका गाडीत पंधरा मुलं कोंबून घाटात काही झालं तर जबाबदार कोण, तर बाई.

तेव्हा हे काम मंडळाने अंगावर घ्या आणि आजच घ्या, कारण स्पर्धा तोंडावर आल्यात. गावात कुणाची तरी बोलेरो किंवा मॅजिक असेलच, आणि तो मंडळातल्या कुणाचा तरी पुतण्या असणार. त्याच्याशी वर्षभराचं बोलून ठेवा : स्पर्धा, क्षेत्रभेट, चौथी-पाचवीच्या मुलांना शिष्यवृत्तीच्या आणि नवोदयच्या परीक्षेला केंद्रावर नेणं-आणणं. भाडं मंडळ देणार, गाडीचा विमा चालू हवा, आसनांपेक्षा जास्त मुलं बसवायची नाहीत, पालकांची लेखी संमती बाई घेतील. ऑर्केस्ट्रा एका रात्रीत जेवढे पैसे खाईल, त्यात माझ्या अंदाजाने हे वर्षभर निभेल आणि वर मुलांना सामन्याच्या दिवशी केळी-चिक्कीही मिळेल. बूट मात्र आधी विचारून घ्या. अनवाणी धावायची सवय असलेल्या मुलांना स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवे बूट दिले तर फोड येतात, आणि मुलं ते बूट हातात धरून धावतात.

गॅदरिंगचं म्हणाल तर ते जानेवारीतच करा. २६ जानेवारीला सकाळी झेंडावंदन-प्रभातफेरी आणि संध्याकाळी संमेलन, असं बऱ्याच शाळा करतात. दादरहून रात्री सुटणारी तुतारी एक्स्प्रेस धरलीत तर सकाळी संगमेश्वरला उतरता येतं, तिकिटं आताच काढा. मुलांना थंडी चालते, डास कमी असतात, भातं घरात आलेली असतात, आयांना वेळ असतो.

फक्त तिथे तुमचे सत्कार आवरा. मी एक संमेलन पाहिलंय, शाळेचं नाव सांगत नाही. संध्याकाळी सहाला मुलं रंगवून तयार होती. साडेसहाला पाहुणे आले, सातला दीपप्रज्वलन झालं आणि शाल-श्रीफळाला सुरुवात झाली. पहिलीतला एक वासुदेव होता. मोरपिसांची टोपी मांडीवर घेऊन तो पडद्यामागे सतरंजीवर बसला, मग कलंडला, गालावरचा लाल रंग बाहीला लागला. बाहेर चौदाव्या देणगीदाराला नारळ चालला होता. साडेनऊला वासुदेवाचं नाव पुकारलं तेव्हा त्याला आईने उठवून स्टेजवर उभं केलं, तो टाळ हातात धरून माइककडे बघत राहिला आणि मोठ्याने रडला. पाहुण्यांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्या टाळ्या ऐकून कानकोंडं झालं.

म्हणून बाईंना विचारून असं ठरवा : सात ते साडेआठ फक्त मुलं. लहानग्यांचे कार्यक्रम सगळ्यांत आधी, म्हणजे ती जेवून आईच्या मांडीवर झोपायला मोकळी. सूत्रसंचालन चौथी-पाचवीच्या मुलांकडे. ती रोज सकाळी परिपाठ घेतात. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, हे सगळं मुलंच पार पाडतात. त्यांना माइक द्या आणि भाड्याचा निवेदक आणू नका. देणगीदारांची नावं फळ्यावर सुंदर अक्षरात लिहून लावा, शेवटी सगळ्यांना एकदम उभं करा, टाळ्या, झालं. अध्यक्षांचं भाषण पाच मिनिटं. ते तुमच्याने होणार नसेल तर पाचवीच्या सूत्रसंचालिकेला सांगून ठेवा, ती बरोबर पुढचं नाव पुकारते.

नाचाबद्दलही थोडं. मुलांना सिनेमाची गाणी आवडतात, दोन ठेवा, त्यात काही बिघडत नाही. पण तुमच्या तालुक्यात नमन आणि जाखडी (म्हणजेच बाल्या नाच) या कोकणातल्या लोककला अजून जिवंत आहेत, आणि तुमच्या मंडळात मृदंग वाजवणारे, बाल्या नाचणारे नसतील असं मला सांगू नका. परळच्या दामोदर हॉलला नमनाचे प्रयोग लावून गावच्या शाळेची कौलं बसवलेली मंडळं मला ठाऊक आहेत. मग ऑर्केस्ट्रा कशाला? त्यातल्या दोघांनी डिसेंबरच्या दोन शनिवारी गावी जाऊन मुला-मुलींना जाखडीची चाल शिकवा. शनिवारी सकाळची शाळा असते, बाईंना विचारून शाळा सुटल्यावर तालीम घेतलीत तर अभ्यासालाही धक्का नाही. घुंगरू तुमचे, ड्रेस भाड्याने आणायला नको, आणि पोरांना बाप-आजा कशावर नाचायचा ते कळतं. मुलांनी संगमेश्वरी बोलीत छोटं नाटुकलं बसवलं तर आणखी बहार. घरात जसं बोलतात तसं स्टेजवर बोलायचं म्हटल्यावर बुजरी पोरंही तोंड उघडतात, हा माझा अनुभव आहे.

आणि मे महिना? तो तुमचा. १० मे रद्द करू नका, फक्त त्याचं नाव बदला. त्या दिवशी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घ्या, सकाळी दहाला, देवळाच्या सभामंडपात. सत्कार तिथे, भाषणं तिथे, अध्यक्षांना हवा तेवढा वेळ तिथे. जुने गुरुजी-बाई हयात असतील त्यांना मुंबईहून, चिपळूणहून, जिथे असतील तिथून गाडी पाठवून आणा. ऐंशीच्या पुढच्या माणसाला रात्रीच्या कार्यक्रमाला बोलावून डीजेसमोर बसवू नका. शाळा सुरुवातीला कुणाच्या पडवीत भरायची, पहिली इमारत कुणी उभी केली, दगड कुणी वाहिले, हे सांगणारी माणसं आता थोडी उरलीत. ते मुलांनी आधीच विचारून घ्यायला हवं. चौथी-पाचवीच्या मुलांना बाई घराघरांत पाठवतील, ती आजी-आजोबांना प्रश्न विचारतील आणि त्याचं हस्तलिखित करतील. तुम्ही मुंबईत राहून त्यात एक भर घालू शकता. मंडळातल्या प्रत्येकाने शाळेच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकायचं : मी अमुक साली चौथी पास झालो, मुंबईत पहिली नोकरी अमुक ठिकाणी, शाळेतली एक आठवण. पोस्टमनने हाती दिलेलं आपल्या नावाचं पत्र मुलं ज्या आवडीने वाचतात तशी पाठ्यपुस्तकातली वाचत नाहीत. ती उत्तरंही लिहितील. शुद्धलेखन बघू नका.

शाळेत जनरल रजिस्टर असतं, त्यात पहिल्या दिवसापासून दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद सापडते. पंचाहत्तरीला ते बघायचा मोह सगळ्यांना होईल. बाईंच्या परवानगीने नावं आणि सालं उतरवून घ्या आणि तेवढीच फलकावर लावा. त्यात जात असते, जन्मतारीख असते, शाळा का सोडली त्याचं कारण असतं. त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला की गावात नको त्या चर्चा सुरू होतात. तुमच्या ग्रुपवर कोण काय टाकतं ते सेक्रेटरी म्हणून तुम्हाला मी सांगायला नको.

वह्या-दप्तरांचं थोडक्यात. बाईंना विचारा, बहुधा चार ठिकाणांहून वह्या येऊन पडलेल्या असतील. वह्या वाटणारं मुंबईचं मंडळ हे कोकणातल्या शाळांना पावसाइतकंच नेमाचं झालंय. त्याऐवजी गोष्टीची पुस्तकं द्या, कोरी, मुलांच्या वयाची. घरातली जुनी गाइडं आणि दिवाळी अंक पोत्यात भरून पाठवू नका. एखाद्या दिवशी तिथीभोजन द्या, म्हणजे मुलांना आपल्या खर्चाने एक खास जेवण. पोषण आहारात पहिली ते पाचवीला दिवसाला माणशी १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, त्याची खिचडी-आमटी रोजची, त्यात एक दिवस पुरी-भाजी-शिरा म्हणजे सण. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना त्या दिवशी मदतीला एखादी गावातली बाई द्या आणि वेगळं मानधनही. आणि काहीही दिलंत तरी मुलाला वस्तूसकट उभं करून, मागे बॅनर धरून फोटो नको. ते मूल उद्या मुंबईत तुमच्याच शेजारी राहायला येणार आहे.

पैशांबद्दल खजिनदारांना सांगा : रोख रक्कम बाईंच्या हातात द्यायची नाही. त्यांच्यासाठीही ते बरं नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर चेक द्या, पावती घ्या. वस्तू दिलीत तर ती शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे वस्तूंच्या नोंदवहीत, चढवून घ्या. ही समिती म्हणजे कायद्याने ठरलेली गोष्ट आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात लिहिलंय की तिच्यात पाऊण सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्यात. अध्यक्ष पालकांतला, सचिव मुख्याध्यापक. तुमच्या पत्रात या समितीचा उल्लेखही नाही. ज्या आयांची मुलं तिथे शिकतात त्यांना न विचारता लालबागच्या खोलीवर तारीख ठरली, अडलं ते इथेच. टीव्हीचा निर्णयही त्याच समितीवर सोपवा. मीटर चालू असेल, ग्रामपंचायत बिलाचं लिहून देत असेल आणि खोली कोरडी असेल तर खुशाल द्या, जरा लहान द्या.

अध्यक्षांना समजवायचं कसं? वाद घालून नाही. त्यांना गावी घेऊन जा, आणि स्पर्धेच्या दिवशी न्या. गाडीत पुढच्या सीटवर त्यांना बसवा, मागे पोरं. परतीच्या वाटेवर एखाद्या पोरीच्या गळ्यात पदक असेल, एखाद्याचा गुडघा फुटलेला असेल, सगळी मिळून बेंबीच्या देठापासून गात असतील. मोठ्या मनाच्या माणसाचा राग तिथे टिकत नाही, आणि वर्गणी काढायला पुढे होणारा माणूस मनाचा लहान नसतो. ‘पैसे आपले आणि तारीख बाईंची’ हे त्यांनी रागात म्हटलं, पण व्यवहार म्हणून ते ठीकच आहे. तुमच्या मुलांच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत तुम्ही याहून जास्त पैसे भरता आणि तारीख त्याच शाळेची असते.

आता वहिनींचा प्रश्न. तुमची मुलं कुठल्या माध्यमात घातलीत हे मला विचारलेलं नाही, तेव्हा त्यावर बोलत नाही. पटाचा, म्हणजे मुलांच्या संख्येचा, मुद्दा मात्र त्यांनी नेमका धरलाय. १७ पटाच्या शाळेवर टांगती तलवार असते, ते मी गोड करून सांगणार नाही. तुमच्या कार्यक्रमाने पट वाढणार नाही, जन्मच कमी होतायत आणि तरणी जोडपी मुंबई-पुण्याला जातायत. पण कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, आणि शाळा हलवायची म्हटली तर त्या १७ जणांनी रोज डोंगर उतरून कुठे जायचं हा प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न विचारायचा तर पालक बोलते हवेत, समितीच्या बैठका झालेल्या हव्यात, मुलं स्पर्धेत, परीक्षेत दिसायला हवीत. त्याला तुमचे पैसे नक्की उपयोगी पडतील. आणि समजा चार-पाच वर्षांनी शाळा बंद झालीच, तरी आज तिसरीत असलेल्या पोरीचं यंदाचं वर्ष तर यंदाच आहे. वहिनींना आणि मुलांना जानेवारीत बरोबर न्या. बाजार त्याच दोन दिवसांत ठेवता येतो का बाईंना विचारा, आणि तुमच्या पोरांना तिथे सुट्या पैशांनी भाजी घ्यायला लावा.

बाईंना फोन शनिवारी दुपारनंतर करा, शाळेच्या वेळात नको. अध्यक्षांचा निरोप म्हणून सांगा, ‘जानेवारी चालेल, गाडीचं आम्ही बघतो, समितीची बैठक कधी आहे तेवढं कळवा.’ बैठकीला मंडळातर्फे दोघांनीच जा, त्यातली एक बाई असू द्या.